धूर खालीच येतो

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं भांडण काही मिटत नाही. आज सकाळी पुन्हा पेटलं. इथे नांदेडला शेजारच्या काकूंनी अंगणात पालापाचोळा, दुधाच्या पिशव्या आणि वर सायकलचं जुनं टायर असा ढीग पेटवला. मी गच्चीवरून ओरडले, तर मान वर करून म्हणाल्या, "काय होतंय बाई? धूर तर वर चाललाय." तुझंच वाक्य, शब्दाला शब्द! मी खिडक्या लावून चहा टाकला, पण डोक्यातून तू काही जाईनास.

भूकंपाच्या त्या पहाटे लातूरच्या आपल्या स्वयंपाकघरात मांडणी पडली आणि गॅसची टाकी आडवी होऊन दारापर्यंत घरंगळत आली. फुटली नाही, गळली नाही. पण तू ती बघितलीस आणि संपलं. लोक तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं गॅसची वाट बघत होते, आणि तू घरात आलेली टाकी रिक्षात घालून परत पाठवलीस. "जमीन हालली की फुटती ती. नगं मला घरात ते भूत." बाबांनी समजावलं, एजन्सीच्या माणसानं समजावलं, तू ऐकणार कुठली? अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं, त्यात चूल मांडलीस. स्लॅबखाली जायला तेव्हा सगळेच घाबरत होते, ते मी समजू शकते. पण पुढे आपण घरात झोपायला लागलो, भीती ओसरली, चूल मात्र शेडमध्येच राहिली.

मग गावात क्लासचं पेव फुटलं. हदगाव, मुदखेड, निलंगा, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला आली, आणि तू मेस काढलीस. एका चुलीच्या दोन झाल्या, आंघोळीच्या पाण्याला बंब आला. जळणाला तुरीच्या वाळक्या तुराट्या पुरेनात म्हणून पंक्चरवाल्याकडून टायरचे तुकडे आणायला लागलीस. एक तुकडा टाकला की ओलं लाकूडही धडाधड पेटतं, याचं तुला कोण कौतुक! पोरं त्याच धुरात बसून फुप्फुसाची आकृती पाठ करायची, आणि मध्येमध्ये खोकायची.

एम.एस्सी.ला असताना सुट्टीत आले, तेव्हा तुला किती वेळा सांगितलं. लाकूड, टायर, डिझेल नीट जळलं नाही की त्यातून विषारी द्रव्यं निघतात. गरम असताना ती वाफ असतात, गार झाली की काजळीच्या कणांना चिकटतात. जाडे कण तिथंच अंगणात बसतात. बारीक कण वाऱ्यावर गावभर फिरतात आणि पावसाबरोबर, धुक्याबरोबर उतरतात; मेथीच्या पानावर बसले की नुसत्या पाण्यानं पुरते निघतही नाहीत. यांनी कर्करोग होतो, माय. तू कणीक मळत होतीस. "एवढं शिकलीस ती ह्याच चुलीवर," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं गच्चीवर तुझ्या कुरडयांशेजारी पांढरी बशी ठेवली. संध्याकाळी ओल्या कापसानं पुसली, कापूस काळा. तो तुझ्या नाकासमोर धरला. तू उजेडात नेऊन नीट बघितलास. मला वाटलं, जिंकले! "अगं माय माय," म्हणालीस, "मग झाकून ठिवायला पायजे की." आणि तेव्हापासून कुरडयांवर जुनं पातळ, पिठाच्या डब्यावर फडकं, पोरांच्या ताटांवर ताटं. सगळं झाकलंस!

"आणि तुझी छाती कोण झाकणार?" मी किंचाळले.

"माझं काय? मी काय वाळवण हाय का?" म्हणालीस आणि हसत हसत फुंकणी उचललीस.

पुढे छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी ओढत होता का?" केवढी उखडलीस! "मी कशाला बिडी ओढू?" परतीच्या रिक्षात दम लागलेला, तरी त्यांनाच नावं ठेवत होतीस. शेवटी शेवटी चार शब्दांनंतर थांबावं लागायचं तुला, आणि ते चार शब्दही "पोरं जेवली का गं" एवढेच. मला तेव्हा तुझा संताप यायचा, आजही येतो. टाकीनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तिला घाबरलीस. आणि चुलीला घरातलं माणूस समजलीस.

आता माझं कामच हे आहे. गच्च्यांवर भांडी आणि गाळणकागद लावून हवेतून काय खाली उतरतं ते जमा करते, प्रयोगशाळेत त्यातली द्रव्यं वेगळी करून मोजते. थंडीत जास्त सापडतात, कारण धूर दडपून खालीच राहतो. व्याख्यानं देते; लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन बंब पेटवतात. हे पत्र तरी कुठे पाठवणार? अशी पत्रं जाळून टाकावीत म्हणतात, म्हणजे पुन्हा धूरच. राहू दे टेबलावर.

एक सांगायचं राहिलं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी बजावून ठेवलंय, मास्क लावल्याशिवाय गाळणकागदाचं पाकीट उघडायचं नाही. परवा एक काळाकुट्ट कागद बाहेर काढला. कुणीतरी जवळच तुराट्या जाळल्या असणार. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मास्क खाली केला आणि छाती भरून वास घेतला. तू वाढायला वाकलीस की यायचा, तसाच.