उद्यापनाची आमंत्रणे जाण्यापूर्वी

तीर्थरूप बाबांस,
कादंबरीचा साष्टांग नमस्कार.

रोज फोन होत असताना पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. मला हे बोलून सांगता आले नसते.

माझी प्रकृती उत्तम आहे. डमडमच्या खोलीत पाणी भरपूर येते. आईच्या गुडघेदुखीला उतार आहे का?

माझे लग्न जमावे म्हणून आईने धरायला लावलेले सोळा सोमवारांचे व्रत मी मध्येच सोडले आहे. बराकपूरला एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी, सुधाकाकू, राहतात. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. त्या पूजा सांगत नाहीत, शांत बसायला शिकवतात.

"उपास महादेवासाठी धरतेस की स्थळासाठी?" त्यांनी विचारले.

"स्थळासाठी," मी म्हणाले.

"मग त्याला कशाला मध्ये घालतेस, बाई? विवाह मंडळात नाव घाल की!"

मला हसू आले नाही. आता मी सकाळी नुसती डोळे मिटून बसते, काही मागत नाही. मन पुष्कळदा बँकेतल्या माझ्या कामावर जाऊन येते.

उद्यापनाला जेवणाऱ्या दांपत्यांना आमंत्रणे जाण्यापूर्वी आपण आईला हे सांगावे. माझे उरलेले सोमवार ती स्वतः धरील, अशी मला भीती वाटते. तिची गुडघ्यांची गोळी उपाशीपोटी चालत नाही. तिने ऐकले नाही, तर त्या दिवशी आपणही जेवू नये. आपल्याला उपाशी ठेवणे तिला जमणार नाही.

आपली,
कादंबरी

कोलकाता. टपालपेटीत टाकले: शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.