बेया मावशीचं बिघडलेलं कुसकुस

महदिया, ४ ऑक्टोबर १९८३

ती. खमैसदादास,
दलेंदाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तू ट्यूनिसहून धाडलेलं कुसकुस वाफवायचं भांडं पोचलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने माझी शोभा केली. रविवारी नूरीची आई, वसीलाबाई, लेकींना घेऊन जेवायला आल्या होत्या. लग्नाची तारीख धरण्याआधी होणाऱ्या सुनेच्या हातचं कुसकुस खायचं, ही त्यांच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. आई गेल्यापासून बेया मावशीच्या हाताखाली मी तेच तर शिकतेय. पण रेडिओवर सकाळ-संध्याकाळ त्या भांड्याचं गाणं चालू असतं: चिंधी विसरा, वाफ कोंडा, नवशिक्या सुनेलाही जमेल! वर तूही लिहिलंस की याला रबरी कडं आहे, आता हंडी आणि चाळणीच्या सांध्याला पिठात बुडवलेली चिंधी गुंडाळत बसू नकोस. मावशी परगावी लग्नाच्या स्वैपाकाला गेली होती. मी तुझं ऐकलं.

रस्सा उकळायला लागला तसं कडं सैल पडलं. वाफ चहूबाजूंनी फुसफुसत बाहेर, चाळणीतल्या रव्याला काहीच नाही. खाली गोळे, वर कच्ची रेती. नूरीच्या बहिणी माशाचे काटे काढायच्या निमित्ताने ताटाकडेच बघत राहिल्या. वसीलाबाईंनी दोन घास खाल्ले आणि हात आवरला. माझ्याकडे बघेनात. निघताना एवढंच म्हणाल्या की तारखेचं ऑलिव्हचं पीक उतरल्यावर बघू.

नूरी म्हणतो, रस्सा छान होता. त्याला वाटतं मला यानं धीर येईल! दादा, हे लग्न मोडलं तर कारण काय सांगायचं रे लोकांना?

जास्त लिहवत नाही. तुझी माया आहे तेवढी राहू दे, भांडी मात्र पाठवू नकोस.

तुझी
दलेंदा


ट्यूनिस, ११ ऑक्टोबर

चि. दलेंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. (गेलं थोडं. खोटं कशाला बोलू?) दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. दुकानदार भलताच गोड माणूस. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग सांगितलं की इतकी भांडी खपली पण आजवर एका बाईने तक्रार केलेली नाही, तेव्हा दोष भांड्यात नसून हातात असणार. मी टपाल कचेरीतला माणूस, मला वाफेतलं काय कळतं? चहा पिऊन परत आलो.

आता ऐक. भांडं माळ्यावर टाक, मावशीची जुनी हंडी काढ, आणि वसीलाबाईंना पुन्हा जेवायला बोलाव. गाजावाजा करू नकोस, आणि मुख्य म्हणजे मावशीला काही करू देऊ नकोस. अख्ख्या महदियात लग्न कुणाचंही असो, कुसकुस तिच्याच हातचं लागतं. तिच्या घरात कुसकुस बिघडलं हे बाहेर फुटलं तर नाचक्की तुझी एकटीची होणार नाही. मावशीचा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून लिहिलं.

भांड्यावरून भावावर राग धरू नकोस.

तुझा
खमैसदादा


महदिया, २२ ऑक्टोबर

ती. खमैसदादास,
स. सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण उशिरा. मावशीने करायचं ते करून टाकलं होतं.

परगावाहून आल्यावर तिने माझं सगळं ऐकून घेतलं, कडं बोटांनी दाबून पाहिलं आणि भांडं घेऊन थेट इथे तीच भांडी विकणाऱ्या हमादीच्या दुकानात गेली. तोही तुझ्या दुकानदारासारखंच बोलला: एकही तक्रार नाही, पोरीचा हात कच्चा. मावशी भांडं घेऊन घरी आली. मला वाटलं, मिटलं. पण शुक्रवारी सकाळी तिने त्याच भांड्यात, चिंधी न लावता, हमादीच्या दारावरच्या फळ्यावर लिहिलंय अगदी तस्सं कुसकुस केलं. मी हात लावायला गेले तर मला उठवलं. जे व्हायचं तेच झालं. खाली गोळे, वर रेती. तिने ते मोठ्या परातीत ओतलं, वर मासा मांडला, परात डोक्यावर घेतली, भांडं माझ्याकडे दिलं आणि ऐन बाजाराच्या गर्दीत हमादीच्या दारात जाऊन उभी राहिली.

तिच्या हातचं म्हटल्यावर बायका धावल्याच. एकेकीने घास घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. गिळावा तर गिळवत नाही, थुंकावा तर समोर बेया! हमादी हसून म्हणाला की मावशी, आता वय झालं तुमचं. माझे कान तापले. मावशीने मात्र मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हे बेयाच्या हातचं आहे, बिघडलेलं आहे, आणि या भांड्यात बेयालाही कुसकुस येत नाही. जिला येत असेल तिने पुढे यावं.

कुणी हलेना. मग बेकरीवाल्याची बायको नैला हळूच म्हणाली की तिचंही असंच होतं. तिने आजवर नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही. दादा, मग बांध फुटल्यासारखं झालं! नवशिक्या सुनेलाही जमेल म्हटल्यावर आपल्याला जमत नाही हे सांगणार कोण? जिने तिने हात खराब समजून भांडं खाटेखाली ढकललेलं. बायका घरी जाऊन भांडी घेऊन आल्या. हमादीच्या फळीवर जागा उरली नाही. रेडिओवरचं गाणं कुणीतरी म्हटलं तशी सगळ्या हसत सुटल्या, आणि हमादीने स्वतःच स्टुलावर चढून दारावरचा फळा उतरवला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. वसीलाबाई! मी मावशीच्या मागे सरले. त्यांनी अंगभर पांघरलेल्या पांढऱ्या सफसारीखालून एक भांडं काढलं आणि आमच्या भांड्याशेजारी ठेवलं. तेच. तसंच.

मग त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या की त्यांना वाटलं हात म्हातारे झाले. गुडघे दुखतात असं सांगून चूल लेकींवर सोपवली होती. त्या रविवारी माझ्या ताटातला पहिलाच घास त्यांना ओळखीचा वाटला; बोलायला हवं होतं, पण लाज आडवी आली. मी त्यांचा हात धरून रडले.

घरी येताना मी मावशीला विचारलं की इतक्या वर्षांचं नाव असं भरबाजारात पणाला का लावलंस. तर म्हणे, पोरीपेक्षा नाव जास्त झालं का? आणि रिकामी परात माझ्या डोक्यावर दिली. असं माणूस आपल्या घरात आहे, दादा, आणि आपण तिला गप्प बसवायला निघालो होतो.

तारीख धरलीय, पुढचा महिना संपता संपता. कुसकुस मावशी करणार, चिंधी वसीलाबाई स्वतः बांधणार. मावशीचा निरोप: येताना तुझी एखादी जुनी चादर आण, पट्ट्या फाडायला.

लोभ आहेच. त्याला कुठे फट पडू देऊ नकोस.

तुझी
दलेंदा


ट्यूनिस, २९ ऑक्टोबर

चि. दलेंदा हिस,
अ. आ.

तुझं पत्र कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. दुपारी पुन्हा त्या दुकानात गेलो. खुर्ची आली, चहा आला. दोन्हींना हात लावला नाही. उभ्यानेच, मोठ्याने सांगितलं की मी महदियाच्या बेयाचा भाचा, आणि माझ्या मावशीला या भांड्यात कुसकुस येत नाही. दारातून जाणारी एक बाई थबकली, मग आत आली.

रजा मिळालीय. मावशीला सांग, जुनी चादर मी शोधलीच नाही. तुझ्या लग्नात अंथरायला म्हणून घेतलेली नवी कोरी चादर पेटीत आहे, तीच आणतोय. पहिली पट्टी तिच्याच हाताने फाडू दे.

मावशीला माझा वाकून सलाम. तुम्हा दोघींची माया अशीच मिळत राहो.

तुझा
खमैसदादा