ओल्या पायांची कादंबरी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमच्याशी भांडायचं आहे. या विषयावर भांडता येईल असं इथे सिडनीत दुसरं कोणी नाही.

तुमचं पुण्यातलं स्वयंपाकघर आठवतं. माझं एम.ए.चं वर्ष. अमेरिकन लेखक आणि युद्ध या प्रश्नाचं माझं उत्तर तुम्ही गवार मोडता मोडता वाचताय. मी त्यात शौर्य, बलिदान, मानवतेचा आक्रोश असं सगळं ठासून भरलेलं. तुम्ही चष्म्यावरून बघता. "युद्धावरून परतलेल्या त्या लेखकांची वाक्यं बघ, किती लहान झालीत. कुणाला तर भलत्याच ठिकाणी हसू येतं. आणि तू घरात बसून कसले नगारे वाजवतेस?" मला रडूच आलं. मग तुम्ही आमटी-भात वाढलात आणि निघताना तुमची पानं सुटलेली एक अमेरिकन कादंबरी माझ्या हातात ठेवलीत. तिच्यात लढाई जवळजवळ नाहीच. एक सैनिक चिखलात बसून सोबत्याचे ओले, सुजलेले पाय चोळत राहतो, पानंच्या पानं. हे वाचल्यावर कोण कशाला युद्धावर जाईल, असं मला वाटलं. इथल्या शाळेत मी मुलांना तेच शिकवत आले.

आता ऐका. माझ्या मुलीने ती कादंबरी टूनगॅबीच्या आमच्या घरून युनिव्हर्सिटीत जाता-येता ट्रेनमध्ये वाचली आणि सैन्यात मेडिक, म्हणजे जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी, व्हायचं ठरवलं. मी ओरडले, "अगं, ते पुस्तक युद्धाच्या विरुद्ध आहे!" ती शांतपणे म्हणाली, "आय नो, आई. पण ते पाय कुणीतरी चोळायला हवेत ना? समवन हॅज टू." यावर तुम्ही काय म्हणाला असतात? पुन्हा कोणी जाऊ नये म्हणून त्या लेखकांनी जीव तोडून लिहिलं, आणि माझ्या पोरीला त्यातला माणूस इतका जवळचा वाटला की त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. चांगलं लिहिण्याचं हे काय फळ, बाई? मला तिचा राग येतो, तुमचाही येतो, आणि ती बरोबर वाचतेय हेही कळतं.

पुढच्या आठवड्यात तिची सैन्यभरतीची फिटनेस टेस्ट आहे. जवळच्या पेंडल हिलमधल्या माझ्या मैत्रिणी फोन करून ऑल द बेस्ट म्हणतात, मीही थँक्यू म्हणते. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. आज सकाळी मी देवापुढे साखर ठेवली, ती नापास व्हावी म्हणून.