पंजाबरावांसाठी एक जाड तार

बोरी अरब, ता. दारव्हा
दि. २० एप्रिल

ती. किसनभाऊ यांस,

फुलचंदचा सप्रेम जयभीम, आणि तुमच्या सवयीचा रामराम वेगळा. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? घाटंजीला लेकीच्या घरी जिना नाही असं ऐकलं, म्हणजे गुडघ्याची सोय झाली. वहिनींना सांगा, पंचफुलानं लिंबाचं लोणचं घातलं आहे आणि त्यांचा वाटा वेगळ्या बरणीत काढून ठेवला आहे. फोन असताना पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर ‘पंजाबराव’ हा शब्द निघाला की तुमच्याकडची रेंज जाते (तीनदा गेली, आणि तिन्ही वेळा फोन ठेवायच्या आधी मागून वहिनींचा आवाज स्वच्छ येत होता). पत्राला असं मधातून तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

काम लहानसं आहे. माझ्या बेस गिटारच्या तारांबद्दल तुमचा सल्ला हवा. पण तारा बदलायची पाळी का आली ते सांगायला पंजाबरावांवरूनच जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. दिवाळीनंतर त्यांच्या गळ्याची गाठ काढली हे तुमच्या कानावर आलंच असेल. आवाज परत आला, पण तुमच्या गुडघ्यासारखा आला, वरच्या मजल्यावर चढत नाही. त्यांची न्हाणी आमच्या भिंतीला लागून आहे. सकाळी पाणी घेताना गातात, आणि वरची ओळ जवळ आली की गडव्यानं धो धो पाणी ओतायला लागतात, म्हणजे आवाज कुठं फाटला ते कुणाला कळू नये. मला कळतं. एकतीस वर्षं तो माणूस पुढे गातो आणि मी मागे बेस घेऊन बसतो. आता बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला ते म्हणतात, “यंदा पोरायले गाऊ द्या. मी समोर बसून टाळ्या वाजवतो.” किसनभाऊ, पंजाबराव समोर बसून टाळ्या वाजवताहेत हे मला बघवणार नाही. आणि एकदा का ते समोर बसले, की पुन्हा माईककडे येत नाहीत, हे लिहून ठेवा.

म्हणून मी ठरवलं की आपली सगळी गायन पार्टी पेटीच्या काळी चारवरून खाली काळी दोनच्या सुरावर उतरवायची, आणि त्यांना कळू द्यायचं नाही. तोंडावर सांगून काय होतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दोन वर्षांपूर्वी तुम्ही भर तालमीत म्हणालात, “पंजाबराव, गळा उतरला तुमचा, काळी दोनले या.” आणि ते म्हणाले, “माहा गळा जागेवरच हाय. तुमची पेटीच चढली हाय.” तुम्ही तेव्हाच पेटी उचलली ती थेट घाटंजीला. (खरं सांगू, गळा तेव्हाच उतरायला लागला होता. तुमचा कान खरा होता. पण खरं बोलायची तुमची रीत म्हणजे पायातला काटा विळ्यानं काढणं.)

आता माझा प्रश्न. मी बेस शिकलो तो यवतमाळचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा पदरात पडला म्हणून. सूरज्ञान बेताचं. मी पंचफुलाच्या नेलपॉलिशनं दांडीवर ठिपके दिले आहेत, आणि माझी बोटं त्या ठिपक्यांवरच चालतात, जसा बैल स्वतःच्या चाकोरीतून घरी येतो. काळी दोन दुसरीकडे शोध म्हटलं तर बोटं रानात भटकतील. म्हणजे ठिपके जागेवर ठेवून तारांचा सूरच खाली आणायला हवा. जाडपासून बारीकपर्यंत माझ्या चार तारांची नावं आजी, आई, लेक आणि नात अशी आहेत. पहिल्यांदा मी चौघींनाही सैल सोडलं. सूर खाली आला, पण तारा वाळत घातलेल्या लुगड्यासारख्या लोंबल्या आणि वाजवलं की दांडीवर फट फट आपटू लागल्या. पंचफुला म्हणाली, “पोहे कांडून राह्यले का गाणं वाजवून राह्यले?”

मग यवतमाळला गेलो. दुकानातला पोरगा भला होता. म्हणाला, “काका, नुसत्या सैल करून जमत नाही, खालच्या सुराले तारच जाड लागते. पाच तारांचा संच न्या. एक उरन, ते ठेवून द्या.” कोणती उरेल ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण बेस वाजवणाऱ्याला एवढं ठाऊकच असतं असा त्याचा चेहरा होता. घरी येऊन एकेक तार बसवली. त्यातली सगळ्यात जाडी, म्हणजे पणजी, दांडीच्या टोकाच्या खाचेत मावेना. पंचफुला म्हणाली, “जे बसत नाही ते कायले ठोकून बसवता? ठेवा बाजूले.” मला ते पटलं. पणजी बाजूला ठेवली, बाकीच्या चौघी चढवल्या, दोन तास घाम गाळून सूर लावला, आणि पाहतो तर आजी होती तिथंच, आई होती तिथंच. नवं कुंकू, जुनाच नवरा. जिला घरात घेण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच मी दाराबाहेर बसवून आलो होतो. उरायला हवी होती ती नात.

पणजी शोधायला गेलो तर ती बकरीच्या फाटकाला दोन वेढे देऊन बांधलेली (पंचफुलाचं मत, तार मजबूत आहे, गंजणार नाही). कापली नव्हती हे नशीब. सोडवून आणली, पुसली, कानशीनं खाच हळूहळू रुंद केली, आजीला दुसऱ्या खाचेत सरकवलं, आईला तिसऱ्या, लेकीला चौथ्या, आणि नातीला डब्यात ठेवलं. पणजी पहिल्यांदा वाजली तेव्हा मांडणीवरची ताटं गुणगुणली. बोटं त्याच ठिपक्यांवर, आणि सूर काळी दोनचा. मी वाजवत राहिलो. भिंतीपलीकडे गडव्याचं पाणी थांबलं, एवढं माझ्या ध्यानात आलं.

तर सल्ला असा हवा, की पणजी अजून थोडी घरघरते. खाच आणखी खोल करावी की आहे तशी राहू द्यावी? तुमच्या कानाशिवाय मला हे ठरवता येत नाही. वहिनींना नमस्कार, लेकीला व जावयांना आशीर्वाद.

तुमचा,
फुलचंद

ता. क. १ – खाचेचं मी पाहून घेईन. खरं काम असं, की पंजाबराव गाताना डोळे मिटतात असं लोकांना वाटतं, पण ते पेटीवाल्याचं बोट बघतात. बोट काळी दोनवर दिसलं की उठून जातील. (तुमच्या जागी आता अमर वाजवतो, त्याच्या की-बोर्डात बटणानं सूर उतरतो, पण पंजाबरावांच्या लेखी तो वरातीतला डबा.) सरकत्या पट्ट्यांची पेटी आपल्यात फक्त तुमच्याकडे. पट्टी सरकवून ठेवायची, बोट काळी चारवर आणि सूर काळी दोनचा. पौर्णिमेला या. तुमचं खरं होतं, पण ते गुपचूप खरं असू द्या.

ता. क. २ – पाकीट चिकटवायच्या आधी पंजाबराव येऊन गेले. बेसकडे पाहिलं, पणजीवर अंगठा ठेवला, आणि म्हणाले, “काळी दोन केली ना? बरं केलं. किसनले लिहून राह्यला का?” मी हो म्हटलं. आता पट्टी सरकवायची गरज उरली नाही. वरचा पहिला ता. क. खोडणार होतो, पण राहू दिला, तुम्हाला माझ्या डोक्याची कदर वाटावी म्हणून.

ता. क. ३ – जाताना दारातून परत फिरले. म्हणाले, “त्यात एक ओळ माही टाक. किसनले म्हणा, पेटी चढली नव्हती.”