मोजायचे राहिलेले पप्पा

भीमताल

संबोधीच्या आईस, सप्रेम जय भीम.

पोरीच्या नोकरीचा विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. थंडी जबरदस्त आहे, पण मी ठीक आहे. खोकला थोडासाच. कानटोपी काढत नाही.

आपली संबोधी गाइड म्हणून काय बोलते गं! तलावावर नुसतं धुकं होतं, तरी बसमधली सगळी इंदूरची मंडळी खिडक्यांना चिकटून ऐकत होती. इथं ती मला ‘सर’ म्हणते. नातं कुणाला कळू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

पण आज पहिला तलाव बघून निघताना तिनं माणसं मोजली, तर एक कमी! बिचारी घाबरली, किनाऱ्यावर हाका मारत पळाली. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, सब तो बैठे हैं.” परत मोजलं तेव्हा कळलं, ती मलाच मोजत नव्हती. आपल्याकडे पंगतीत पाहुणे मोजतात, घरचे नाही, तसंच झालं.

तिनं माइक घेतला. “सॉरी हाँ, अपने पप्पा को गिनना भूल गई.” सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. मी आपला खिडकीबाहेर बघत राहिलो.

गुडघा कसा आहे? बरा झाला की पुढच्या टूरला तू पण ये. तुलाही ती मोजणार नाही.

तुझा,
पंचशील