नवे दात, व्यायाम पहिला

प्रिय ठमाबाई,

माझे समोरचे चार दात गेले, नवी कवळी बसली आणि दातांच्या डॉक्टरांनी थाटात सांगितलं, आता काहीही चावा. मी विचारलं, ट्रम्पेट वाजवता येईल? ते खिडकीबाहेर बघायला लागले. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, माझे दात आले आणि सूर गेला.

पहिल्या दिवशी फुंकलं तर नुसती हवा. आयुष्यभर बँडमध्ये वाजवलेल्या माणसाच्या ओठांना टेकायला जागाच सापडेना. मग तू लहानपणी ज्यावरून ट्रम्पेट शिकलीस ते व्यायामांचं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी नुसता माउथपीस ओठांना लावून गुणगुणायचं. तुझी आई घरभर गांधीलमाशी शोधत फिरली. मग एकच सूर, श्वास संपेपर्यंत, जराही न हलवता. मग कळ न दाबता, फक्त ओठ आवळून खालच्या सुरावरून वरच्यावर जायचं. त्या व्यायामाशेजारी तू पेन्सिलीनं ‘बाबा राक्षस आहेत’ असं लिहिलंयस. वाचून मान डोलावली. तुझ्याकडून ते पान महिनाभर घोटून घेतलं होतं, मला मात्र त्याच्या दुप्पट वेळ लागला. कवळी सुटायची, ओठ सुजायचे, आई म्हणायची, पुरे आता. पण पान जमल्याशिवाय मी ते उलटलं नाही.

तू त्याच बँडची प्रमुख झालीस, याचा मला फार अभिमान आहे. म्हणूनच ‘बाबा, तुमची खुर्ची तुमचीच, कधीही या’ असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा चिडलो. मेहेरबानीच्या खुर्चीवर मी बसणार नाही. वाजवणारा दिसू नये म्हणून पडदा लावून त्या खुर्चीसाठी परीक्षा घे, उमेदवारांना नुसते क्रमांक दे, हे मीच भांडून तुझ्याकडून कबूल करून घेतलं. तुम्ही येणार का, विचारलंस, तेव्हा मी विषय बदलला. तुला वाटलं, म्हातारा दमला.

हे पत्र निकाल लागल्यावरच तुझ्या हाती द्यायचं, असं तुमच्या कारकुनाला बजावलंय. म्हणजे तू निवड करून मोकळी झालीस, आणि पडद्यामागे तुझा बापही वाजवून गेला. माझा सूर ओळखला असशील असं वाटत नाही. जुना दातांबरोबर गेला, हा नवा जरा खरखरीत आहे. घेतलं असशील तर सरावाला येऊन खुर्ची मीच ओढून घेईन. नापास केलं असशील तर निकाल बदलायचा नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. उद्या सकाळी मी पुन्हा पहिला व्यायाम काढणार आहे.

तुझाच,
बोळका राक्षस