‘हिचं लग्न ठरलंय’

सर, परवा मी धुळ्याला, देवपुरात येऊन गेले. आपल्या कॉलेजात मुलांना नोकरीची वाट दाखवणारा एक कक्ष सुरू झाला आहे आणि त्याला तुमचं नाव दिलं आहे. जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलावणं होतं. दारात एकसारख्या साड्या नेसलेल्या मुली पाहुण्यांना कुंकू लावायला उभ्या होत्या आणि मुलगे आत पुढच्या रांगा धरून बसले होते. व्यासपीठावर जो तो तुमच्या दूरदृष्टीबद्दल बोलत होता. धुळ्यात कुणाला असलं काही सुचत नव्हतं तेव्हा सरांनी कारखानेवाल्यांना कॉलेजात आणलं, खेड्यापाड्यांतल्या पोरांना साहेब केलं, वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण टाळ्या वाजल्या तेव्हा माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत. राग असता तर मी उठून चार शब्द बोलले असते. ही किळस होती, आणि किळस आली की माणूस तोंड मिटून घेतो. घरी आले, जेवण गेलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

तुम्ही वाईट शिक्षक असता तर मला हे सोपं गेलं असतं. एम.एस्सी.ला आम्ही मोजकी पोरं होतो आणि त्यांत मी एकटी मुलगी. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून आलेली, बोलताना मधूनच ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणून जाणारी. वर्ग हसायचा, तुम्ही कधी हसला नाहीत. रविवारी शिपायाकडून किल्ली मागून घेऊन तुम्ही माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडायचात. एकदा मी घाईघाईत ॲसिडमध्ये पाणी ओतायला निघाले तर तुम्ही माझं मनगट धरलंत आणि सगळ्यांसमोर झापलंत. म्हणालात, “मुलगी आहेस म्हणून मी तुला सूट देणार नाही.” ते वाक्य मी कितीतरी दिवस दागिन्यासारखं मिरवलं. पहिल्या वर्षी मी वर्गात पहिली आले तेव्हा तुम्ही मला पांढरा ॲप्रन शिवून दिलात. शिंप्याला माझं माप तुमच्या घरी काकूंनी अंदाजानं सांगितलं होतं आणि तो मला नेमका बसला. मी तो घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, आता आपली वाट ठरली.

मग तुम्ही मुलांना कारखाना दाखवायला गुजरातेत नेलंत. मला नेलं नाही. मुक्काम आहे, म्हणालात, आणि ते मला पटलंसुद्धा. परत आल्यावर मुलं मोठाल्या टाक्यांबद्दल, रंगांनी भिजलेल्या जमिनीबद्दल बोलत राहिली आणि मी त्यांच्या तोंडून कारखाना ऐकला. शेवटच्या वर्षी त्याच कारखान्याचे दोन अधिकारी मुलाखती घ्यायला येणार असं तुम्ही वर्गात सांगितलंत, तेव्हा माझा अर्ज मी सगळ्यांत आधी तुमच्या हातात दिला. तुम्ही तो वाचून खिशात ठेवलात. “छान लिहिलंयस, बेटा,” म्हणालात.

मुलाखती तुमच्या घरीच होत्या, बाहेरच्या खोलीत. मी मैत्रिणीची निळी साडी नेसून आले होते. तुम्ही दारातच म्हणालात, तुझा नंबर शेवटी ठेवलाय, तोवर काकूंना जरा हातभार लाव, साहेबांना खानदेशी जेवण घालायचंय. मी पदर खोचला. काकू पुऱ्या लाटताहेत आणि मी वांगी भाजते आहे, सालं सोलते आहे, लसूण-मिरची ठेचते आहे. बोटं काळी झाली आहेत. बाहेरून एकेका मुलाचा आवाज येतो, खुर्ची सरकते, दुसरा आत जातो. काकू माझ्याकडे पाहत नाहीत. मला वाटतं, पुऱ्यांकडे लक्ष आहे म्हणून. त्यांना ठाऊक होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

ताटं वाढून मी दाराशी आले तेव्हा त्या दोघांतला वयस्क अधिकारी तुम्हाला विचारत होता की, वर्गात पहिली आलेली एक मुलगी आहे म्हणे, ती का दिसली नाही. तुम्ही मान वर केलीत. मी तुम्हाला दिसले. माझ्या हातात ताट होतं, तुमच्या-माझ्यामध्ये फक्त एक टेबल होतं. आणि आवाज जरासुद्धा न उतरवता तुम्ही म्हणालात, “हिचं लग्न ठरलंय.”

मी म्हणाले, “नाही ठरलेलं.”

तुम्ही हसलात. लाजतेय, म्हणालात. ते दोघेही हसले. त्या वयस्क माणसाने माझ्या हातातलं ताट घेतलं, भरिताचा वास घेतला आणि ज्याला कुणाला ही मिळेल तो नशीबवान, असं काहीसं बोलला. मी आत गेले, हात धुतले, काजळी निघेना तरी धूत राहिले. मग मागच्या दारानं निघून गेले. त्या हसण्यात तुम्ही सगळे इतके सहज होतात, सर. तिघांना मिळून एका मुलीला जिवंतपणी खोडायला एक घाससुद्धा थांबावं लागलं नाही.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी कदाचित विसरले असते. निवड झाली त्यांच्यात एक मुलगा होता, चांगला, पण माझी वही मागून अभ्यास करणारा. पंधरवड्यानं तुम्ही त्याच्या मामांना घेऊन आमच्या गावी आलात, पेढ्यांचा पुडा घेऊन. माझ्या वडिलांनी, आबांनी, अंगणात बाज टाकली. तुम्ही म्हणालात, मुलगा सोन्यासारखा आहे, कारखान्यात लागलाय, पोरीचं शिक्षणही वाया जाणार नाही, नवऱ्याला मदत होईल. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, “नोकरी घरातच चालत आली की गं.” तुम्हाला ते खरंच वाटत होतं. मला सगळ्यांत जास्त शिसारी त्याचीच येते. तुम्ही माझं हिरावून घेतलंत आणि त्याचाच आहेर करून मला द्यायला आलात, आणि मी आनंदानं तो ओटीत घ्यावा अशी तुमची अपेक्षा होती.

आबा चौथी शिकलेले. तुमच्याविषयी त्यांच्या मनात एवढा आदर की, तुम्ही आलात तेव्हा ते चप्पल काढून उभे राहिले होते. मी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तरी तुमचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिनी माले बठ्ठं सांगेल शे, सर. शिकेल ती शे, मी नही. तिले इचारा.”

तुम्ही मला विचारलं नाहीत. मीच नाही म्हणाले. जाताना तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की, इतकं केलं तुझ्यासाठी आणि तुला उपकाराची जाण नाही. पेढे तसेच राहिले. आबांनी ते गोठ्याकडे नेले आणि बैलांना घातले.

पुढच्याच आठवड्यात आबा मला घेऊन दोंडाईच्याहून गाडीनं जळगावला आले. त्यांना रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकेका गिरणीच्या फाटकावर ते पागोटं सावरत विचारायचे की, इथं तपासणीचं काम असतं का, माझी पोर शिकलेली आहे. कुणी हसले, कुणी हाकललं, कुणी उन्हात थांबवलं. सरकीच्या तेलाच्या एका गिरणीत मालकाच्या आईनं आम्हाला पाणी दिलं आणि मुलाला आतून बोलावून आणलं. तिथल्या तपासणीच्या खोलीत मला एक टेबल मिळालं. खोली तेलकट होती, खिडकीची काच फुटकी होती. त्या खोलीची पुढे मोठी प्रयोगशाळा झाली आणि मी ती चालवली. माझं वाईट झालं नाही, सर. पण जे चांगलं झालं ते तुमच्यामुळे झालं नाही, असं मला कुणी म्हणू देत नाही. परवासुद्धा सूत्रसंचालकानं माझी ओळख ‘सरांनी घडवलेली’ अशीच करून दिली.

हे कुठं पाठवायचं नाही. काकूही आता नाहीत. पण एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी कामावर होते. दार लावून घेतलं आणि खूप रडले. तुमच्यासाठी रडले असं मी स्वतःला सांगितलं होतं. तसं नव्हतं. तुम्ही कधीतरी जळगावला याल, समोर बसाल आणि चुकलं म्हणाल, याची मी इतकी वर्षं वाट पाहत होते, हे मला त्या दिवशी कळलं.